मेंदीच्या रेषेतला उद्याचा देश

बेगम रुकय्या सखावत हुसेन यांची ‘सुलतानाज ड्रीम’ ही इंग्रजी कथा १९०५ साली प्रसिद्ध झाली. तिच्यातल्या स्त्रीराज्यात उन्हावर स्वयंपाक होतो, वाहने हवेतून जातात आणि पुरुष मर्दान्यात बसतात. या कथेवरून प्रेरणा घेऊन स्पॅनिश दिग्दर्शिका इसाबेल एर्गेरा यांनी २०२३ मध्ये त्याच नावाचा अ‍ॅनिमेशनपट केला. त्यात स्वप्नातला देश मेंदीच्या नक्षीतून उमटतो. ही निवड मला समर्पक वाटते. मेंदी ही बायकांच्या हातची कला. उद्याचे जग रंगवायला चकचकीत यंत्रेच लागतात असे नाही.

मात्र नक्षीत रमून मूळ कथेतला कठीण प्रश्न विसरू नये. ज्या उन्हावर अन्न शिजते, तेच ऊन शत्रूवर सोडून त्याला पळवून लावले जाते. म्हणजे यंत्र स्वतः दयाळू नसते. ते कोणाच्या हाती आहे आणि ते हात काय शिकले आहेत, यावर सारे अवलंबून असते. कथेतले हे शोध स्त्रियांच्या विद्यापीठांत लागतात. रुकय्यांनीही नुसते स्वप्न पाहिले नाही. १९११ मध्ये कलकत्त्यात आठ मुलींना घेऊन शाळा काढली.

उर्दू शाळेतली शिक्षिका म्हणून मला विचारावेसे वाटते : मेंदी लावलेल्या किती हातांत आपण परीक्षानळी देतो?