संपातले गिऱ्हाईक
जयंत पवारांचे ‘अधांतर’ (1997) गिरणी संपाने मोडलेले घर दाखवते, आणि त्यात ते अजोड आहे. कापड विकत घेणारा मात्र त्या घरात येत नाही. 18 जानेवारी 1982 पासून सुमारे अडीच लाख कामगार बाहेर होते, तरी दुकानांत कापडाचा तुटवडा पडला नाही. भिवंडीच्या यंत्रमागांवर ते कमी मजुरीत निघत होते. गिरणीमालकही तिथून विणून घेत. कितीतरी संपकरी रत्नागिरीकडे गावी परतले. त्यांच्या घरी गणपतीला नवे कापड आलेच असेल, तर ते कोणाच्या मागावरचे? आणि हे दुकानदाराला विचारणार कोण? पोराला सदरा शिवणारी, हा पेच सोसणारी चाकरमान्याची बायको मला आपल्या संपसाहित्यात अजून भेटलेली नाही.