सोडलेल्या धर्माबद्दल लिहिताना : फॉन ब्रोडींचं जोसेफ स्मिथ-चरित्र

तुमच्यापैकी कुणी स्वतःच्याच समाजावर किंवा पंथावर संशोधन करणार असाल, तर प्रस्ताव लिहिण्याआधी 'नो मॅन नोज माय हिस्टरी' वाचा. मॉर्मन पंथाचा संस्थापक जोसेफ स्मिथ याचं हे चरित्र १९४५ साली आलं. लेखिका फॉन ब्रोडी यूटामधल्या मॉर्मन घरात वाढलेल्या. काका तर चर्चच्या वरिष्ठ नेतृत्वात. पुढच्याच वर्षी चर्चने त्यांना बहिष्कृत केलं.

माजी सदस्य म्हटलं की आपण राग गृहीत धरतो. तो इथे फारसा नाही. सोन्याच्या पत्र्यांवरून भाषांतर केल्याचा दावा ऐकून बाहेरचा वाचक हसेल. ब्रोडीबाई त्याला हसू देत नाहीत. आधी त्या न्यूयॉर्क राज्याचा पश्चिम भाग उभा करतात: गुप्तधन शोधणारे लोक, गावोगावच्या धर्मसभा, मातीचे प्राचीन ढिगारे कुणी रचले याची चर्चा. मग १८३० चं 'बुक ऑफ मॉर्मन' त्याच मातीतलं वाटतं. पुस्तकातला हा सगळ्यात भक्कम भाग.

गडबड होते ती पुरावा संपल्यावर. स्मिथच्या मनात काय चाललं होतं, हे त्या कादंबरीकाराच्या खात्रीने सांगतात. पहिल्या साक्षात्काराची जुनी नोंद सापडत नाही म्हणून ती कथा नंतर रचली असावी, असं त्या सुचवतात. पुढे १८३२ चं हस्तलिखित उजेडात आलं. ऑलिव्हर ब्यूएल हा स्मिथचाच मुलगा असावा, हे त्यांना चेहऱ्यातल्या साम्यावरून पटलं होतं. वाय गुणसूत्राच्या चाचणीने ते नाकारलं. (विज्ञानवाल्यांनो, लगेच खूश होऊ नका. १९४५ मध्ये ही चाचणी कुठे होती? पण चेहऱ्यातलं साम्य तेव्हाही पुरावा नव्हतंच.)

माझा मोठा आक्षेप वेगळाच आहे. कुटुंब मृत्यूनंतरही एकत्र राहतं, ही श्रद्धा एखादा मॉर्मन तुम्हाला कदाचित सगळ्यात आधी सांगेल. या पुस्तकात स्मिथ दिसतो, पण त्याच्यामागे घरदार सोडून निघालेल्यांना काय मिळालं, ते पुसट राहतं.

उलट बाजूला वॉनिटा ब्रुक्स. माउंटन मेडोज इथे १८५७ मध्ये मॉर्मनांनी सुमारे १२० प्रवाशांची कत्तल केली. त्यावर ब्रुक्सबाईंनी १९५० मध्ये निर्भीड पुस्तक लिहिलं आणि चर्च सोडलं नाही. म्हणजे 'आतला की बाहेरचा' यावरून लिखाणाची किंमत ठरवता येत नाही.

ब्रोडींच्या पुस्तकाची १९७१ ची आवृत्ती मिळवा. तिच्यातली पुरवणी आधी वाचा, मग मूळ प्रकरणं.