कमी पैशांतले वेस्टर्न आणि आवाजाची जाण

'द बिग ट्रेल' 1930 साली आपटला, जॉन वेन छोट्या कंपन्यांच्या फुटकळ वेस्टर्नमध्ये अडकला आणि 1939 मध्ये जॉन फोर्डच्या 'स्टेजकोच'ने त्याला वर काढलं, असं नेहमी सांगितलं जातं. या मांडणीत मधले सगळे चित्रपट निव्वळ उमेदवारी ठरतात. हा त्यांच्यावर अन्याय आहे.

माइक घेऊन उघड्या माळावर जाता येतं, हे फॉक्सच्या 'इन ओल्ड अ‍ॅरिझोना'ने बोलपटाच्या आरंभीच दाखवलं होतं. पण सत्तर मिलिमीटरवर चित्रित केलेला 'द बिग ट्रेल' मंदीत बुडाला आणि भव्य वेस्टर्नचा धसका बसला. ती जागा छोट्या कंपन्यांनी घेतली. एका तिकिटात दोन चित्रपट दाखवायची पद्धत रुळत होती. त्यातल्या दुय्यम चित्रपटाला ठरावीक भाडं मिळे. कमाईच बांधलेली, तेव्हा खर्च छाटण्याशिवाय गत्यंतर नव्हतं. वॉर्नरने तर केन मेनार्डच्या मूकपटांतली घोडदौड पुन्हा वापरली आणि ती जुळावी म्हणून वेनला मेनार्डसारखे कपडे चढवले.

तरीही याच काटकसरीतून काही अस्सल निघालं. मोनोग्राम या छोट्या कंपनीसाठी लोन स्टार या निर्मितीसंस्थेने काढलेला 'रँडी राइड्स अलोन' (1934) पाहा. नायक गुत्त्याशी येतो, आतून पियानो ऐकू येतो. दार ढकलून आत जावं तर सगळीकडे प्रेतं पडलेली, आणि पियानो यंत्रावर आपोआप वाजतोय. भिंतीवरच्या तसबिरीतून कुणाचे तरी डोळे त्याच्यावर रोखलेले. पार्श्वसंगीत नाही. आवाजाची इतकी नेमकी जाण त्या काळच्या कित्येक महागड्या बोलपटांतही सापडत नाही.

मारामारीचंही तसंच. मूठ चेहऱ्याजवळून निसटावी, पण कॅमेऱ्याच्या कोनामुळे ठोसा बसल्यासारखा वाटावा, हे तंत्र वेन, स्टंटमन याकिमा कनट आणि दिग्दर्शक रॉबर्ट ब्रॅडबरी यांनी घडवलं, असं मानतात. 'स्टेजकोच'मध्ये धावत्या घोड्यांमधून खाली पडून गाडीखालून जाणारा माणूस कनटच होता.

दोष उघड आहेत. नायिका बहुधा कुणाची तरी मुलगी, एवढीच तिची ओळख. 'द स्टार पॅकर'मध्ये मूलनिवासी साथीदाराचं काम गोऱ्या कनटने केलं, आणि ते पाहताना आज अवघडल्यासारखं होतं. कथा साच्यातल्या. पण 'रायडर्स ऑफ डेस्टिनी'त (1933) पाण्यावर कब्जा करून शेतकऱ्यांना नाडणारा सावकारी वृत्तीचा खलनायक आहे आणि त्याला वेसण घालायला वॉशिंग्टनचा माणूस येतो. मंदीने पिचलेल्या प्रेक्षकाला हे वेगळं समजावून सांगावं लागलं नसेल.

1935 मध्ये हर्बर्ट येट्सने छोट्या कंपन्या एकत्र करून रिपब्लिक उभी केली. तिच्या चित्रपटांतल्या गायक-नायक जीन ऑट्रीच्या गाण्यांनी वेस्टर्नला नवा प्रेक्षक मिळवून दिला. निर्मिती सफाईदार झाली, पण मधली शांतता संगीताने भरून गेली.

लोन स्टारच्या अनेक चित्रपटांवर आज कुणाचा हक्क उरलेला नाही. त्यामुळे धुरकट प्रती सर्रास फिरतात, काहींवर तर नंतर संगीतही चिकटवलेलं आहे. टापांच्या आणि वाऱ्याच्या आवाजावर उभा असलेला प्रसंग त्याखाली गुदमरतो. हे चित्रपट स्वच्छ प्रतींवरून, मूळ ध्वनीसह दाखवले पाहिजेत. ते थोर होते की सामान्य, यावर वाद त्यानंतर खुशाल घालावा.