बोळवणीचे शब्द

परभणी जिल्ह्याच्या जिंतूर तालुक्यात चारठाणा हे गाव आहे. तेथील काळ्या दगडातील प्राचीन मंदिरांविषयी कोणी चौकशी केली, की ‘हेमाडपंती आहेत’ हे उत्तर ठरलेले. विचारणारा समाधानाने मान डोलावतो आणि पुढे जातो. पण त्याला नेमके काय कळले?

हेमाद्री ऊर्फ हेमाडपंत हा देवगिरीच्या महादेव व रामचंद्र या यादव राजांचा मंत्री. त्याचा काळ तेराव्या शतकाचा उत्तरार्ध. अंबरनाथचे शिवमंदिर त्याच्याही दोनशे वर्षे आधीचे. तेथील शिलालेख शके ९८२चा, म्हणजे इ.स. १०६०चा आहे. तरी लोकांच्या तोंडी तेही ‘हेमाडपंती’च! तेव्हा या एका शब्दावरून मंदिर कोणी उभारले, केव्हा उभारले, कोणाच्या दानातून उभारले, यांपैकी काहीच उलगडत नाही. चुना न वापरता घडीव दगड एकमेकांत बसवून केलेले बांधकाम, एवढी एक खूण तो शब्द सांगू शकतो. जाणकाराला ती उपयोगी पडते, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु काळ विचारणाऱ्याच्या हाती तोच शब्द ठेवला, तर प्रश्न सुटत नाही, नुसता मिटतो.

अशा बोलण्याला मराठीत काय म्हणावे? शब्दांची वाण नाही. पाल्हाळ आहे, चऱ्हाट आहे, तेच ते दळण आहे, चर्चेचे गुऱ्हाळ आहे. मात्र या शब्दांकडे जरा निरखून पाहिले, तर एक गंमत ध्यानी येते. खऱ्या गुऱ्हाळातून गूळ निघतो, दळणातून पीठ पडते, चऱ्हाटाने निदान ओझे तरी बांधता येते. पोकळ बोलण्याला आपण भरीव कामांची नावे दिली आहेत. शिवाय हे सारे शब्द लांबीला नावे ठेवतात. जणू बोलणे लांबले म्हणजे ते निरर्थक झालेच!

‘पुराण लावणे’ हा वाक्प्रचार त्याच जातीचा. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली छापले गेले. ते दहा हजारांहून अधिक ओव्यांचे आहे. त्याला कोणी पाल्हाळ म्हणेल काय? ज्या श्रोत्यांसाठी ते रचले, त्यांना परक्या देशातील कथा आपल्या भाषेत, आपल्या छंदात समजावी, हा त्यामागील हेतू होता. ऐकणाऱ्याच्या पदरी काही पडत असेल, तर लांबी हा दोष नव्हे. उलट ‘हेमाडपंती’ हा एकच शब्द, आणि तरीही पदर रिकामा.

आखूड पोकळपणासाठी ‘मोघम’ आणि ‘गुळमुळीत’ हे शब्द आहेत. ते चांगले आहेत. परंतु त्यांचीही नजर बोलणाऱ्याच्या तोंडाकडे. आमच्या मते याहून नेमका शब्द ‘बोळवण’ हा आहे. ‘गोड बोलून बोळवण केली’ असे आपण म्हणतो, तेव्हा आपण शब्द मोजत नाही. दारी आलेला माणूस कशासाठी आला होता आणि काय घेऊन परतला, हे पाहतो. ‘वाटाण्याच्या अक्षता लावणे’ हा वाक्प्रचारही तसाच. ‘आपला अर्ज विचाराधीन आहे, योग्य ती कार्यवाही करण्यात येईल’ हे वाक्य पाल्हाळ नव्हे, बाष्कळ नव्हे, अशुद्ध तर नव्हेच. त्यात फक्त कोण, काय आणि केव्हा करणार, एवढेच नाही. ते वाचून माणूस घरी जातो. म्हणून ती बोळवण.

ही फूटपट्टी दुसऱ्याला लावली, तशी स्वतःलाही लावली पाहिजे. आमच्यासारखे परीक्षण लिहिणारे काय करतात? एखादा नवा लेखक भीतभीत आपले पहिले पुस्तक पाठवितो. त्याला हवे असते ते एवढेच, की कोणती कथा उतरली, कोणती फसली आणि का. आम्ही लिहितो, ‘पुस्तक वाचनीय व संग्राह्य झाले आहे.’ लेखक आभार मानतो, वाचक पान उलटतो, आमचे काम संपते. त्याची पुढची कथा मात्र जिथे फसायची तिथेच फसते. ‘वाचनीय व संग्राह्य’ हे समीक्षेतले ‘हेमाडपंती’च होय. असली वाक्ये आम्हीही लिहिली आहेत, आणि ती लिहिताना आपण कोणाचे मन राखीत आहोत, असेच आम्हाला वाटले.

मोघमपणाला कधी जागा नसतेच असे नाही. जे ठाऊक नाही, तेथे ‘ठाऊक नाही’ म्हणणे प्रामाणिकपणाचेच. चारठाण्याच्या पाहुण्याला कोणी सांगितले, ‘मंदिर जुने आहे, चुन्याशिवाय बांधले आहे, काळ मला ठाऊक नाही,’ तर त्याचा प्रश्न जिवंत राहील आणि तो दुसऱ्या कोणाला तरी विचारील. रिकामे उत्तर देऊन त्याचा प्रश्नच काढून घेणे, हे मात्र आपल्या हातून घडू नये.