उत्तरायुष्यातील अध्ययन आणि ख्रिस्ती श्रद्धा : ‘स्मृतिचित्रे’चे एक पुनर्वाचन

लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्राचे मराठी वाङ्मयातील स्थान आता वादातीत आहे. १९३४ ते १९३६ या काळात चार भागांत प्रसिद्ध झालेल्या या ग्रंथाविषयी लिहिताना सहजता, निर्व्याजता, प्रांजळपणा आणि मिश्किल विनोद या गुणांचा उल्लेख समीक्षकांनी आवर्जून केला आहे. हे गुण ग्रंथात आहेत, यात शंका नाही. परंतु या विशेषणांच्या पुनःपुन्हा होणाऱ्या वापरामुळे एक वस्तुस्थिती झाकली गेली आहे. पहिला भाग प्रसिद्ध झाला तेव्हा लेखिकेचे वय सहासष्ट वर्षांचे होते, आणि शाळेचे म्हणावे असे शिक्षण तिला कधीच मिळालेले नव्हते. अशा स्त्रीच्या हातून एवढा ग्रंथ ‘सहज’ लिहिला गेला असे म्हणणे हा वरवर पाहता गौरव वाटतो. प्रत्यक्षात त्यामागची तीन-चार दशकांची साधना त्यामुळे हिशेबातून वगळली जाते. ही साधना बालपणी झाली नाही. ती प्रौढ वयात, ख्रिस्ती श्रद्धेच्या आणि त्या श्रद्धेने उभ्या केलेल्या संस्थांच्या सहवासात झाली. ‘स्मृतिचित्रे’ हा प्रौढपणी शिकत राहिलेल्या एका स्त्रीच्या अध्ययनाचा वृत्तान्त म्हणून वाचला, तर त्यातील अनेक प्रसंगांचा अर्थ बदलतो.

या अध्ययनाचा पहिला टप्पा नवे शिकण्याचा नसून जुने विसरण्याचा आहे. लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ चा, नाशिकजवळच्या जलालपूरच्या गोखले घराण्यातला. त्यांच्या वडिलांच्या सोवळ्याचे वर्णन मराठी वाचकांच्या चांगले परिचयाचे आहे. मीठदेखील धुऊन घेण्यापर्यंत गेलेले हे सोवळे लेखिकेने हसत हसत रंगविले आहे. मात्र या हास्यामागे एक शिक्षणव्यवस्था आहे, हे विसरता येत नाही. कोणत्या भांड्याला कोणी शिवावे, कोणाच्या हातचे पाणी चालावे, हे ज्ञान मुलीच्या अंगी इतके मुरविले जाई, की पुढे ते ज्ञान आहे असे वाटतच नसे. तो स्वभाव होऊन बसे. नारायण वामन टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली. लक्ष्मीबाईंचा बाप्तिस्मा १९०० सालचा. मधली पाच वर्षे हा ग्रंथाचा गाभा मानला पाहिजे. पतीच्या मागे जाणारी आज्ञाधारक पत्नी असे या धर्मांतराचे चित्र काढणाऱ्यांनी ही पाच वर्षे नीट वाचलेली नाहीत. लक्ष्मीबाईंच्या मनातून प्रथम जातिभेद गेला. श्रद्धा नंतर आली. माणसामाणसांतील उच्चनीचता ईश्वराने निर्माण केलेली नाही, या निष्कर्षाला त्या स्वतःच्या विचाराने पोहोचल्या, आणि त्यानंतरच नव्या धर्माचे दार त्यांना आपले वाटले.

प्रौढाच्या शिक्षणातील अडचण स्मरणशक्तीच्या उणिवेची नसते. आधीच भरलेल्या मनाची असते. योहानाच्या शुभवर्तमानातील निकदेमाचा प्रसंग याच अडचणीचा आहे. वयाने आणि विद्येने मोठा असलेला हा गुरुजन रात्री येशूकडे येतो, आणि म्हातारपणी माणूस पुन्हा कसा जन्म घेईल, असा सरळ प्रश्न करतो. ख्रिस्ती धर्मविचारात ‘नवा जन्म’ ही कल्पना केंद्रस्थानी असल्यामुळे वयाचा हा अडसर त्या परंपरेत आरंभापासूनच गृहीत धरलेला आहे. चाळिशी-पन्नाशी म्हणजे शिकण्याची अखेर, ही समजूत तिथे तत्त्वतः तरी टिकत नाही. तत्त्वतः, असे म्हणण्याचे कारण असे, की व्यवहारात तत्कालीन ख्रिस्ती समाजही वय, लिंग आणि वर्ण यांच्या चौकटींतून पूर्णपणे सुटलेला नव्हता.

पंडिता रमाबाईंचे उदाहरण येथे साहाय्यक ठरते, आणि ते विरोधाचेही आहे. लक्ष्मीबाई अल्पशिक्षित, तर रमाबाई संस्कृतविद्येत बालपणापासून वाढलेल्या. १८५८ मध्ये जन्मलेल्या अनंतशास्त्री डोंगऱ्यांच्या या कन्येला कलकत्त्याच्या पंडितांनी १८७८ मध्ये ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. वैद्यकीय शिक्षणासाठी त्या इंग्लंडला गेल्या. श्रवणदोषामुळे तो मार्ग बंद झाला. १८८३ मध्ये वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढे शारदा सदन, केडगावचे मुक्ती मिशन, दुष्काळातून आणलेल्या शेकडो मुली आणि स्त्रिया यांचा व्याप सांभाळत असताना, चाळिशी ओलांडल्यानंतर, त्यांनी हिब्रू आणि ग्रीक या भाषांचे अध्ययन हाती घेतले, तेही संपूर्ण बायबल मूळ भाषांवरून मराठीत आणण्यासाठी. आधीच्या अनुवादांतील संस्कृतप्रचुर भाषा सामान्य स्त्रियांना दुर्बोध वाटते, आणि तिच्यातील अनेक शब्द जुन्या धर्मकल्पना सोबत घेऊन येतात, हा त्यांचा आक्षेप होता. संस्कृतात नावाजलेल्या विदुषीने पन्नाशीच्या सुमारास संस्कृत शब्दांना दूर सारण्याचा अभ्यास करावा, यातील विलक्षणपणा पुरेसा लक्षात घेतला जात नाही. लक्ष्मीबाईंनी सोवळे विसरले. रमाबाईंनी पांडित्य विसरले. या दोन विसरण्यांत दुसरे अधिक कठीण होते, असे म्हणावयास हरकत नाही. १९२२ च्या एप्रिलमध्ये रमाबाईंचे निधन झाले. त्यांचे संपूर्ण बायबल १९२४ मध्ये मुक्ती मिशनमधून प्रकाशित झाले. त्याची छपाई केडगावच्या आश्रमातील छापखान्यात तेथल्या स्त्रियांनी केली, ही बाब अनुवादाच्या गुणदोषांइतकीच महत्त्वाची आहे. एका स्त्रीचे उत्तरवयातील अध्ययन इतर अनेकींसाठी अक्षरओळखीचे आणि व्यवसायाचे साधन झाले.

लक्ष्मीबाईंकडे परतताना एक फरक स्पष्ट केला पाहिजे. रमाबाईंच्या अध्ययनाला आराखडा होता; लक्ष्मीबाईंचे अध्ययन प्रसंगोपात्त होते. टिळकांनी त्यांना वाचावयास शिकविले खरे, पण टिळकांच्या लहरी स्वभावात सातत्याचा गुण बसणारा नव्हता. घरातील पैसा आणि भांडीकुंडीदेखील दानात जावीत, अशा संसारात पाटी-पुस्तकाची नियमितता कोठून येणार? त्यांची खरी शाळा कानाची होती. ओवी, अभंग, कीर्तन या मराठी परंपरेला टिळकांनी ख्रिस्ती उपासनेत स्थान दिले. परदेशी चालींवर रचलेल्या गीतांच्या जागी देशी भजन आले, आणि त्याबरोबर माजघरातील स्त्रीच्या मौखिक विद्येलाही उपासनामंदिरात प्रवेश मिळाला. लक्ष्मीबाईंना जे आधीपासून येत होते, त्याची किंमत नव्या धर्माने प्रथमच केली. प्रौढ शिक्षणाच्या आजच्या विचारात शिकणाऱ्याच्या पूर्वानुभवाला जे स्थान दिले जाते, त्याचे हे ठळक पूर्वरूप म्हणता येईल.

८ सप्टेंबर १९१७ रोजी, पंचावन्न वर्षांचे असताना, टिळकांनी मिशनचे वेतन सोडून संन्यस्त वृत्ती स्वीकारली आणि ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. आश्रमव्यवस्थेतील वानप्रस्थ-संन्यासाची कल्पना त्यांनी ख्रिस्ती आशयाने भरली. मात्र या त्यागाचा भार गृहिणीवर पडतो, हा मुद्दा टिळकांच्या चरित्रकारांपेक्षा लक्ष्मीबाईंच्या लेखनातून अधिक चांगला कळतो. ९ मे १९१९ रोजी टिळक वारले. त्या वेळी लक्ष्मीबाई पन्नाशीच्या होत्या. ज्या समाजात त्या जन्मल्या, तिथे या वयाच्या विधवेसाठी पुढचे सर्व ठरलेले होते, आणि त्यात नव्याने काही शिकण्याला जागा नव्हती. लक्ष्मीबाई मुंबईत मुलींच्या वसतिगृहाच्या मेट्रन झाल्या, नोकरी केली, पुढे काही काळ कराचीत राहिल्या, आणि लिहू लागल्या. टिळकांच्या ‘ख्रिस्तायन’ या ओवीबद्ध काव्याचे पहिले दहा अध्याय व अकराव्याचा काही भाग तेवढा झालेला होता. उरलेले साठाहून अधिक अध्याय लक्ष्मीबाईंनी रचले. काव्य म्हणून हे लेखन ‘स्मृतिचित्रे’च्या तोडीचे नाही, हे मान्य करावे लागेल. पण त्याचा विस्तार ध्यानात घेतला, तर पतीचे अपुरे कार्य पुरे करणारी निष्ठावान पत्नी एवढ्या शब्दांत त्याची बोळवण करता येत नाही. चारही शुभवर्तमानांचा क्रम लावणे, प्रसंगांची निवड करणे, त्यांना ओवीत बसविणे हे प्रदीर्घ अभ्यासाचे काम आहे. ‘स्मृतिचित्रे’तील प्रसंगनिवडीचे कौशल्य येथेच घडले असावे, असा तर्क करण्यास जागा आहे. १९३३ मध्ये नागपूरच्या मराठी ख्रिस्ती साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना मिळाले, ते या साऱ्यानंतर.

लक्ष्मीबाईंच्या कराचीतील वास्तव्याचा उल्लेख शहाड-उल्हासनगर परिसरातील वाचकाला थोडा थांबविणारा आहे. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांच्या छावणीला १९४९ मध्ये उल्हासनगर हे नाव मिळाले. कराचीची आठवण या परिसरातील अनेक घरांत अजून जिवंत आहे, आणि त्या घरांतल्या थोरल्या पिढीनेही मध्यम वयात नवी लिपी, नवी भाषा आणि नवा व्यवसाय शिकला. त्या शिकण्याची प्रेरणा धार्मिक नव्हती, निर्वाहाची होती. पण वय झाले म्हणून थांबण्याची सवलत दोघांनाही नव्हती. कल्याणहून शहाडवरून कसाऱ्याकडे जाणारा लोहमार्ग पुढे नाशिकला पोहोचतो, तोच लक्ष्मीबाईंच्या माहेराचा मुलूख. आपल्या महाविद्यालयांतून ‘स्मृतिचित्रे’ शिकविताना हे भौगोलिक सान्निध्य क्वचितच वापरले जाते.

श्रद्धेमुळे माणूस वार्धक्य शांतपणे स्वीकारतो, असे उपदेशपर लेखनात नेहमी म्हटले जाते. या दोन स्त्रियांच्या बाबतीत हे विधान जपून करावे लागते. रमाबाईंनी वाँटेजच्या भगिनींशी आणि अँग्लिकन अधिकाऱ्यांशी धर्मतत्त्वांवर वाद घातला. बाप्तिस्म्यानंतरही स्वतःच्या बुद्धीने निर्णय घेण्याचा अधिकार सोडला नाही. टिळकांचेही मिशनऱ्यांशी मतभेद होते. लक्ष्मीबाई पतीशी भांडल्या, रुसल्या, आणि म्हातारपणी त्या भांडणांकडे पाहून हसल्या. हे हसणे म्हणजे निवृत्ती नव्हे. स्वतःच्या पूर्वायुष्याकडे विद्यार्थ्याच्या नजरेने पाहण्याची ती रीत आहे. आपण काय मानत होतो, ते का मानत होतो आणि ते कसे सुटले, याचा हिशेब मांडताना विनोद हे त्यांचे साधन होते. शरणागती हा ख्रिस्ती श्रद्धेचा एक भाग असला, तरी या दोघींना तिने शिकविले ते प्रश्न विचारणे. आणि या शिक्षणाला ‘ज्ञानोदय’सारखे नियतकालिक, वसतिगृह, छापखाना, संमेलन यांचा आधार होता. केवळ अंतःकरणातील श्रद्धेने सहासष्टाव्या वर्षी ग्रंथ प्रसिद्ध होत नाही.

मुंबई विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयांत आजीवन अध्ययन व विस्तार विभागाचे उपक्रम चालतात, आणि २०२२ पासून पंधरा वर्षांवरील निरक्षरांसाठी ‘उल्लास’ हा राष्ट्रीय कार्यक्रमही राबविला जात आहे. त्यांच्या अहवालांत शिकणाऱ्यांची संख्या येते. शिकणाऱ्याला आधी काय विसरावे लागले, हे येत नाही. विद्यार्थी सर्वेक्षणासाठी वस्तीत जातात, तेव्हा चाळिशीतली एखादी स्त्री आता या वयात काय शिकायचे म्हणून प्रश्नावली परत करते. तिच्या त्या प्रश्नाचा मराठीतील सर्वांत सविस्तर वृत्तान्त मराठी विभागाच्या कपाटात असतो, आणि विस्तार विभागाच्या यादीत त्याचे नाव नसते.