माफीच्या आधीची कला आणि नंतरची

१२ नोव्हेंबर २०११. नेदरलँड्समधल्या डॉर्ड्रेख्त शहरात सिंटरक्लासच्या आगमनाचा सोहळा चालू होता. पांढऱ्या दाढीचा हा संत दरवर्षी बोटीतून येतो. त्याच्याबरोबर तोंडाला काळं फासलेले, ओठ रंगवलेले, कुरळ्या केसांचे टोप चढवलेले सेवक असत. त्यांचं नाव ‘झ्वार्ते पीत’, म्हणजे काळा पीत. त्या दिवशी गर्दीत क्विन्सी गारिओ आणि जेरी आफ्रियी हे दोन कवी उभे होते. एकाचा जन्म कुरासाओ बेटावरचा, दुसऱ्याचा घानातला. अंगातल्या टी-शर्टवर एवढंच छापलेलं होतं की झ्वार्ते पीत हा वंशवाद आहे. पोलिसांनी त्यांना जमिनीवर पाडून ताब्यात घेतलं.

तो टी-शर्ट एका कलाप्रकल्पाचा भाग होता. पुढे त्यातून मोठी चळवळ उभी राहिली आणि जून २०२०मध्ये पंतप्रधान मार्क रुटे यांना या प्रथेबद्दलचं आपलं मत बदलल्याचं संसदेत सांगावं लागलं. जॉर्ज फ्लॉइडच्या हत्येनंतर जगभर उसळलेल्या संतापाचा त्यात वाटा होताच, पण तो संताप डच भाषेत कुठे जाऊन थडकायचा, हे कलावंतांनी नऊ वर्षं आधी दाखवून दिलं होतं.

नेदरलँड्सने आपल्या सुरिनाम आणि कॅरिबियनमधल्या वसाहतींतली गुलामी १ जुलै १८६३ रोजी कायद्याने संपवली. भरपाई मिळाली ती मालकांना, सुरिनाममध्ये माणसामागे ३०० गिल्डर. मुक्त झालेल्यांना तिथे आणखी दहा वर्षं सरकारी देखरेखीखाली मळ्यांवर राबावं लागलं. या इतिहासाचं राष्ट्रीय स्मारक ॲमस्टरडॅमच्या ओस्टरपार्कमध्ये उभं राहायला २००२ साल उजाडलं. सुरिनामी शिल्पकार एर्विन द फ्रीस यांचं ते काम. राणी बेआट्रिक्स यांच्या उपस्थितीत अनावरण झालं तेव्हा निमंत्रित आत होते आणि ज्यांच्या पूर्वजांसाठी स्मारक, ते बहुसंख्य लोक कुंपणाबाहेर. काळाराम मंदिराचा सत्याग्रह ठाऊक असलेल्या मराठी वाचकाला हे चित्र समजावून सांगायला नको.

या पार्श्वभूमीवर गेल्या दहा-पंधरा वर्षांतली कामं पाहिली, तर दोन कलावंत मला इतरांपेक्षा वरचे वाटतात. पहिल्या पॅट्रिशिया कार्सेनहाउट. आईवडील सुरिनामी, जन्म नेदरलँड्समधला. २०१८ साली पालेर्मोच्या ‘मानिफेस्टा’ या कलाप्रदर्शनात त्यांनी मिठाचा प्रचंड ढीग घातला. मीठ न खाणारा गुलाम हलका होऊन आफ्रिकेला उडत परत जाऊ शकतो, अशी कॅरिबियनमधली जुनी कथा त्यामागे आहे. प्रेक्षकांनी थोडं मीठ घरी न्यायचं आणि पाण्यात विरघळवायचं. दुःख विरघळवण्याचा हा विधी जरा भाबडा वाटू शकतो. मला तो वाटत नाही, कारण इथे प्रेक्षकाला नुसतं हळहळून निघून जाता येत नाही. इतिहासाचा कण पिशवीत घालून घरी न्यावा लागतो, आणि मग त्याचं काय करायचं हा प्रश्न त्याचाच.

दुसरे रेमी युंगरमन, सुरिनाममधल्या मुंगो गावात १९५९ साली जन्मलेले. मळ्यांवरून पळून जंगलात स्वतंत्र वस्त्या वसवणाऱ्या मारून लोकांची चौकड्यांची कापडं ते घेतात, त्यावर विंती धर्माच्या विधींतली पांढरी माती चढवतात आणि रेषा खरवडून काढतात. त्यातून उभा राहतो तो थेट डच चित्रकार मोंद्रियानच्या घराण्यातला दिसणारा आडव्या-उभ्या रेषांचा जाळीदार आकार. डच आधुनिकतेचं सगळ्यांत अभिमानाचं व्याकरण आणि तिने ज्यांना माणसांत धरलं नाही त्यांची वस्त्रं एकाच फळीवर येतात. २०१९च्या व्हेनिस बिएनालेत वास्तुकार रिटवेल्डने बांधलेल्या डच दालनात युंगरमन यांच्यासोबत आयरिस केन्समिल यांनी काळ्या विचारवंत स्त्रियांची व्यक्तिचित्रं मांडली, हेही नोंदवायला हवं. मात्र ती चित्रं आदरांजलीपाशी थांबतात. युंगरमन यांच्या कामात भांडण आहे.

आता माफीकडे येऊ. १९ डिसेंबर २०२२ रोजी रुटे यांनी सरकारच्या वतीने गुलामीबद्दल माफी मागितली आणि १ जुलै २०२३ रोजी राजा विलेम-आलेक्सांडर यांनी ओस्टरपार्कमध्येच क्षमायाचना केली. जनजागृतीसाठी २० कोटी युरो जाहीर झाले. याच राज्यव्यवस्थेने २०१२मध्ये गुलामीच्या अभ्यासाला वाहिलेल्या राष्ट्रीय संस्थेचं अनुदान बंद केलं होतं, ही गोष्ट टाळ्यांच्या कडकडाटात विसरली गेली. आता निधी आहे, दालनं आहेत, निमंत्रणं आहेत. परिणाम असा की ‘वारसा’ हा अर्जात भरायचा रकाना झाला आहे. आजीचं कापड, ढोलाचा आवाज, भिंतीवर दोन वाक्यांची वेदना आणि उद्घाटनाला महापौर! अशी प्रदर्शनं वाईट नसतात. ती कुणालाही अडचणीत आणत नाहीत, एवढीच तक्रार.

अडचणीत आणणारं काम २०२४च्या व्हेनिस बिएनालेतल्या डच दालनात होतं, तेही डच लोकांनी केलेलं नव्हे. काँगोतल्या लुसांगा इथे युनिलिव्हरच्या पूर्वीच्या पामतेल मळ्यावर राहणाऱ्यांचा ‘सीएटीपीसी’ हा गट मातीची शिल्पं घडवतो. ती कोको आणि पाम तेलात ओतून विकली जातात आणि त्या पैशातून गट मळ्यांची जमीन परत विकत घेतो. गटाबरोबर काम करणारे डच कलावंत रेन्झो मार्टेन्स यांच्याबद्दल मला शंका आहेत. गोऱ्या मध्यस्थाशिवाय हे दार उघडलं असतं का, हा प्रश्न त्यांच्या कामातूनच उठतो. तरी जमीन हातात येते, हा युक्तिवाद खोडणं कठीण.

मला जास्त खटकतं ते वेगळंच. नेदरलँड्सच्या या चर्चेत हिंदुस्तानी कुठे आहेत? गुलामांची जागा भरायला १८७३ ते १९१६ या काळात सुमारे ३४ हजार भारतीय करारी मजूर सुरिनामला नेले गेले. पहिलं जहाज ‘लाला रुख’ ५ जून १८७३ रोजी पोचलं. बहुतेक माणसं भोजपुरी-अवधी मुलखातली होती. त्यांच्या बोलींतून सरनामी घडली. सुरिनाम १९७५ साली स्वतंत्र झालं त्या सुमारास त्यांची नातवंडं मोठ्या संख्येने हेग शहरात येऊन वसली.

त्यांच्या कलेचं राजकारण आवाज न चढवता चाललं. १९७७ साली डॉक्टर-कवी जीत नारायण यांनी ‘दाल भात चटनी’ हा सरनामी संग्रह काढला. घरच्या बोलीला ‘मोडकीतोडकी हिंदी’ म्हणणाऱ्या स्वतःच्याच समाजाला ते उत्तर होतं. राबिन बलदेवसिंग यांनी १९८४ साली ‘स्तिफा’ ही सरनामीतली पहिली कादंबरी लिहिली. पुढे ते हेगचे नगरप्रशासक झाले आणि २०२१मध्ये देशाचे पहिले भेदभाव व वंशवादविरोधी राष्ट्रीय समन्वयक. राज मोहन यांनी ‘कंत्राकी’ या संग्रहात मजुरांची कहाणी सरनामी गीतांत आणली. त्याआधी हार्मोनियम, ढोलक आणि धनतालाच्या साथीचं बैठक गाणं मुख्यतः लग्नकार्यांत आणि करमणुकीत रमलेलं होतं. सत्यशोधक किंवा आंबेडकरी जलशांनी तमाशाच्या बाजाला जशी दिशा दिली, तसं बैठक गाण्याच्या वाट्याला अजून आलेलं नाही. राज मोहन यांचा प्रयत्न एकांड्या शिलेदाराचा राहिला.

याचं एक कारण समाजातच आहे. आम्ही कष्टाने वर आलो, ही कहाणी त्याला प्रिय आहे, आणि जातीचा, बायकांच्या सोसण्याचा, आफ्रिकी शेजाऱ्यांबद्दलच्या तुच्छतेचा विषय त्या कहाणीत बसत नाही. मराठी माणसाने इथे हसू नये. ॲमस्टेलव्हेनच्या आसपास आज पुष्कळ मराठी कुटुंबं आहेत. त्यांच्या सांस्कृतिक कार्यक्रमांत लावणी आणि लेझीम असते. अण्णाभाऊ साठे, अमर शेख क्वचितच असतात.

माझा निकाल असा: डच कलेत वारशाचं सर्वांत चांगलं काम माफीच्या आधी झालं, कारण तेव्हा ते कुणाला हवं नव्हतं. त्यापुढचं काम सरनामीत होऊ शकतं, पण त्यासाठी बैठक गाण्याला आधी घरच्यांशी भांडावं लागेल. नेदरलँड्समधल्या मराठी मंडळांना एक विनंती आहे. पुढच्या गणेशोत्सवात एक संध्याकाळ हेगच्या सरनामी गायक-कवींना द्या, आणि त्यांच्यासोबत मंचावर आपला एखादा शाहीरही उभा करा.