‘रिव्हर्सो’: रूप आणि यंत्र यांतील औचित्य

मौल्यवान घड्याळाचे मूल्यमापन करताना रूपसौंदर्य आणि यांत्रिक नावीन्य ही तराजूची दोन स्वतंत्र पारडी मानण्याचा प्रघात आहे. दोहोंत सारखे वजन घातले की समतोल साधला, असे त्यात गृहीत धरलेले असते. ही कल्पना सोयीची असली, तरी यथार्थ नव्हे. स्वित्झर्लंडमधील जेगर-लकुल्त्र या पेढीच्या ‘रिव्हर्सो’ घड्याळाचा इतिहास पाहता, समतोलाचा प्रश्न हा मुळात प्रयोजनाचा प्रश्न आहे, असे दिसून येते.

या घड्याळाचा उगम हिंदुस्थानातील पोलोच्या मैदानाशी जोडला जातो. खेळताना घड्याळाची काच फुटते, ही ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्यांची तक्रार सेझार द त्रे या व्यापाऱ्याच्या कानी आली व त्याच्याकडून ती झाक-दाव्हिद लकुल्त्र यांच्यापर्यंत पोहोचली. रने-आल्फ्रेद शोव्हो याने आधारावर सरकून पूर्णपणे उलटणाऱ्या घड्याळाची रचना केली आणि ४ मार्च १९३१ रोजी पॅरिस येथे पेटंटासाठी अर्ज केला. घड्याळ उलटताच काच आत जाई आणि धातूची पाठ बाहेर येई.

येथे रूप कोठे संपते आणि तंत्र कोठे सुरू होते, हे सांगणे कठीण आहे. आयताकृती कवच आर्ट डेको शैलीच्या तत्कालीन अभिरुचीस मानवणारे होतेच. परंतु सरळ खाचेतून सरकण्यासाठी समांतर कडाही आवश्यक होत्या. पहिल्या घड्याळांतील यंत्र मात्र अन्य निर्मात्याचे होते. १९३३ मध्ये पेढीने या कवचाला साजेसे स्वतःचे आयताकृती यंत्र त्यात बसविले. म्हणजे रूपाने प्रथम मागणी केली आणि यंत्राने तिची पूर्तता केली.

पुढे अभिरुची बदलली आणि ‘रिव्हर्सो’ मागे पडले. १९७२ मध्ये ज्योर्ज्यो कोर्व्हो या इटालियन विक्रेत्याने कारखान्यात पडून असलेली सुमारे २०० रिकामी कवचे विकत घेतली, त्यांत यंत्रे बसविली आणि ती घड्याळे इटलीत हातोहात खपली. या घटनेचा अर्थ केवळ ‘जुन्याचे आकर्षण’ असा लावणे अपुरे ठरेल. क्वार्ट्‌झ घड्याळांच्या युगात अचूकता स्वस्त झाली, तेव्हाही उलटण्याची ती क्रिया हाताला आनंद देत होती. तथापि केवळ आनंदावर परंपरा टिकत नाही. कठीण काच आल्यावर मूळ गरज ओसरली होती. उलटण्याला नवे कारण हवे होते.

ते कारण १९९४ च्या ‘ड्युओफेस’ने दिले. त्याच्या मागील बाजूस दुसऱ्या प्रदेशाची वेळ दाखविणारी तबकडी आली आणि एकच यंत्र दोन्ही बाजूंचे काटे फिरवू लागले. प्रवाशाच्या दृष्टीने उलटणे पुन्हा सार्थ झाले. बाह्य रूपात फारसा फेरफार न करता साधलेले हे नावीन्य ‘रिव्हर्सो’च्या उत्तरकालीन इतिहासातील सर्वांत समर्थ निर्मिती होय.

याउलट २०२१ मध्ये सादर झालेले चार तबकड्यांचे ‘क्वाद्रिप्तीक’ पाहावे. त्यात ११ जटिल यंत्रणा आहेत आणि अशी १०च घड्याळे करण्याचे ठरले. मध्यरात्री मुख्य यंत्रातून आधारातील यंत्रणेस गती मिळते व तेथील चांद्रगणना एक पाऊल पुढे सरकते. हे कौशल्य असामान्य आहे, यात संशय नाही. परंतु चौथी तबकडी आधाराच्या पाठीवर असल्याने घड्याळ हातात असेपर्यंत ती मनगटाला टेकलेली राहते. सुमारे १५ मिलिमीटर जाडीमुळे मूळ रूपातील सडपातळपणाही लोपतो. अशा प्रयोगांतून कारागिरीचे ज्ञान वाढते, हा युक्तिवाद ग्राह्य आहे. तथापि ज्ञानवृद्धी आणि कृतीची पूर्णता या दोन भिन्न गोष्टी होत.

संस्कृत साहित्यशास्त्रातील औचित्याची कसोटी येथेही लागू पडते. अलंकार किती, यापेक्षा तो कशासाठी, हे महत्त्वाचे. रूपाने विचारलेल्या प्रश्नाला जे यंत्र उत्तर देते, त्याच यंत्राने पेढीची प्रतिष्ठा वाढते. ज्या यंत्राला रूपाने बोलाविलेलेच नसते, ते कितीही विलक्षण असले तरी पाहुणेच राहते.